तांब्या भरला कोणी?

सैन्यातील सेवा संपली की मुलगा घरी येतो, गणवेश परत करतो, सहा-आठ महिने कुठे हॉटेलात तर कुठे पहारेकरी म्हणून नोकरी करून पैसे साठवितो, आणि एका शुक्रवारी रात्री किद्दुश आटोपल्यावर जाहीर करतो की आपण दक्षिण अमेरिकेला चाललो. मुलीही आता यात मागे नाहीत. इस्राएलमधील आमच्या बहुतेक घरांतून हे एकदा तरी घडले आहे. या भटकंतीला येथे 'हा-तियुल हा-गादोल', म्हणजे 'मोठी सफर', असे नावच पडून गेले आहे. चार-सहा महिने, कधी वर्षभरही ही मुले बाहेर असतात. त्यांतली शहरे आणि संग्रहालये पाहणारी थोडी. बहुतेकांची ओढ असते ती जिथे रस्ता संपतो तिथे: अँडीज पर्वतावर, आणि त्याच्या पूर्वेकडील उतारावरून खाली पसरलेल्या अ‍ॅमेझॉनच्या उष्ण, दमट अरण्यात. पाठीवर तंबू, हातात कोयता आणि रात्री दोन झाडांच्या मध्ये बांधलेल्या झोळीत झोप.

मग घरात वाद होतो. त्या वादात दोनच पक्ष असतात आणि दोन्ही पक्षांची वाक्ये ठरलेली असतात. एक पक्ष म्हणतो, कशाला ही नसती उठाठेव? नवगावला, रेवदंड्याला आपले आजे-पणजे जंगलाच्या कडेला राहिले, पण हौस म्हणून कोणी रात्रीचे रानात निजायला गेले नाही. दुसरा पक्ष म्हणतो, तरुण आहेत, जाऊ द्या, त्यांचा जीव त्यांच्यापाशी. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे आळशी माणसाची आहेत. पहिल्याने प्रश्नाला दार लावून घेतले, दुसऱ्याने दार सताड उघडून पाठ फिरवली. खरा प्रश्न मधल्यामध्ये राहून गेला. जिथे पोटापाण्याचे काम नाही, जिथे आपल्याला कोणी बोलाविले नाही, तिथे केवळ हौसेखातर जीव धोक्यात घालण्याचा माणसास अधिकार आहे काय? आणि असेल, तर त्या अधिकाराबरोबर गळ्यात काय पडते?

आपल्या धर्मशास्त्रात या प्रश्नाचा विचार झालेला आहे, आणि तो पुष्कळ जुना आहे. दवारीमच्या चौथ्या अध्यायात आपल्या जिवाला जपण्याविषयी जे वचन आहे, त्याचा मूळ संदर्भ मूर्तिपूजेचा; पण रब्बींनी त्यावरून शरीराचे रक्षण हेही कर्तव्य ठरविले. घराच्या धाब्याला कठडा बांधण्याची आज्ञा त्याच पुस्तकात आहे, आणि रांबामने तिचा विस्तार करून ज्या ज्या गोष्टीने जीव जाण्याचा संभव आहे ती दूर करावी असे सांगितले आहे. म्हणजे 'माझा जीव, मी काय वाटेल ते करीन' हे म्हणणे आपल्या परंपरेत बसत नाही. जीव हा आपल्याकडे ठेव म्हणून दिलेला आहे.

याहून जवळचा दाखला प्रागचे रब्बी येहेज्केल लांदाऊ यांचा. हे अठराव्या शतकातले, १७९३ साली वारले. 'नोदा बिहुदा' या ग्रंथाच्या नावानेच ते ओळखले जातात. एका गृहस्थाला मोठी जहागीर मिळाली होती. तीत गावे होती, अरण्ये होती. त्याने विचारले की, मला बंदूक घेऊन शिकारीला जाता येईल काय? रब्बींनी उत्तर दिले ते दोन अंगांनी. एक, गरज नसताना प्राणी मारणे हे आपल्या पूर्वजांचे काम नव्हे. तोरात शिकारी म्हणून नावे येतात ती निम्रोदाची आणि एसावाची. दुसरे, जो श्वापदांच्या रानात शिरतो तो आपला जीव धोक्यात घालतो. एखादा गरीब माणूस पोटासाठी तसे करील तर तोरा त्याला मुभा देते. व्यापारी नाही का समुद्र ओलांडून जात? पण ज्याला भाकरीची ददात नाही, त्याने मजेखातर तिथे जाऊ नये.

आमच्या मुलांच्या हाती बंदूक नसते, कॅमेरा असतो, तेव्हा उत्तराचा पहिला भाग त्यांना लागू नाही. दुसरा भाग मात्र जसाच्या तसा लागू आहे, आणि पहिल्या पक्षाच्या आजोबांना तो फार आवडेल. आम्हांला मात्र तो पुरा पटत नाही. कारण असे की, ज्या मुलाला आम्ही हे ऐकविणार, त्याने नुकतीच दोन-तीन वर्षे दुसऱ्याच्या हुकमावरून जीव धोक्यात घातलेला आहे. तेव्हा आम्ही त्याला स्टेशनवर सोडायला गेलो, पिशवीत चपात्या आणि लोणचे बांधून दिले, आणि अभिमानाने शेजाऱ्यांना सांगितले. आता तोच मुलगा म्हणतो की एकदा तरी मी स्वतः निवडलेल्या वाटेने जाईन, तर त्याला 'तुझा जीव तुझा नव्हे' असे कोणत्या तोंडाने सांगावे? सैन्यातून आलेल्या मुलांना जंगल का हवे असते, हे आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकले आहे. तिथे कोणी हुकूम देत नाही आणि कोणी शत्रू नसतो. पाऊस पडतो तो सगळ्यांवर सारखा पडतो. या मागणीत आम्हांला उनाडपणा दिसत नाही. ती एक प्रकारची बरी होण्याची धडपड आहे, आणि बरे होण्यासाठी थोडा धोका पत्करणे हे तर शस्त्रक्रियेच्या टेबलावरही चालते.

तेव्हा जाण्याचा अधिकार आम्ही मान्य करून टाकतो. पुढचा प्रश्न अवघड आहे, कारण अरण्यात बहुधा कोणी एकटे जात नाही.

१९८१ सालची हकिकत येथे पुष्कळांना ठाऊक आहे, तरी ती थोडक्यात सांगितली पाहिजे. योसी घिन्सबर्ग हा सैन्यातून सुटलेला बावीस वर्षांचा इस्राएली तरुण बोलिव्हियात ला पाझ येथे होता. तिथे त्याची गाठ कार्ल रुप्रेख्टर नावाच्या एका ऑस्ट्रियन माणसाशी पडली. हा स्वतःला भूगर्भशास्त्रज्ञ म्हणवीत असे, आणि आत जंगलात आदिवासींचे एक दूरचे गाव आहे, सोने आहे, असे सांगत असे. योसी, मार्कस श्टाम नावाचा स्विस शिक्षक आणि केव्हिन गेल नावाचा अमेरिकन छायाचित्रकार असे तिघे त्याच्या भरवशावर निघाले. चालता चालता मार्कसचे पाय सडू लागले, तो मागे पडू लागला. मग पायी जाण्याचा बेत सोडून त्यांनी तराफा बांधला व तुइची नदीत घातला. पुढे सान पेद्रोची घळ. तिथे पाणी खडकांतून उसळत जाते. त्या सुमारास कार्लला पोहता येत नाही असे बाहेर आले. चौघांचे दोन तट पडले. योसी व केव्हिन तराफ्यावरून पुढे जायचे, कार्ल आणि पायांनी अधू झालेला मार्कस रानातून पायी परतायचे, आणि नाताळापूर्वी सर्वांनी ला पाझला भेटायचे, असे ठरले.

तराफा प्रवाहात सापडला. केव्हिन काठाला लागला, योसी वाहून गेला आणि सुमारे तीन आठवडे त्या अरण्यात एकटा भटकला. केव्हिनला माणसांची वस्ती सापडली. पण तो स्वस्थ बसला नाही. एका स्थानिक नावाड्याला बरोबर घेऊन तो नदीने उलटा शोधत गेला, आणि योसी मरणाच्या दारात असताना त्याला सापडला. कार्ल आणि मार्कस मात्र कधीच सापडले नाहीत. पुष्कळ शोध झाला, आजतागायत पत्ता नाही. घिन्सबर्गने यावर पुस्तक लिहिले, २०१७ साली 'जंगल' नावाचा चित्रपटही निघाला.

आमच्या तरुण मंडळींत या हकिकतीचा उल्लेख होतो तो योसीच्या चिवटपणासाठी. चिवटपणा होताच, त्यात वाद नाही. पण आमची नजर पुनःपुन्हा मार्कसच्या पायांकडे जाते. हा आमच्या धंद्याचा दोष म्हणा. वर्षानुवर्षे रुग्णालयात पाय पाहिले, धुतले, बांधले. पायावरून माणसाची पुष्कळ हकिकत कळते.

कोकणात लावणीच्या दिवसांत बायाबापड्यांच्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्या आमच्या वाचकांना सांगायला नकोत. दिवसभर पाय चिखलात, वर खाज, चिरा, रात्री तेल-हळद. जंगलातला रोग हा त्याच्या पुढची पायरी आहे. पाय दिवसचे दिवस ओल्या मोज्यांत आणि बुटांत राहिला की कातडी पांढरी होते, सुरकुतते, सुजते. मग रक्ताभिसरण बिघडते, कातडीचे पापुद्रे सुटतात आणि पाऊल टाकणे म्हणजे निखाऱ्यावर टाकणे होते. व्हिएतनामच्या युद्धात भातखाचरांतून आणि दलदलीतून फिरणाऱ्या अमेरिकी सैनिकांना याने फार छळले. याला औषध असे जवळजवळ नाहीच. पाय कोरडे करणे, उंचावर ठेवणे आणि न चालणे, हेच औषध. आणि प्रतिबंध म्हटला तर रोज रात्री पाय पुसून कोरडे मोजे चढविणे, जे जोड फक्त झोपण्यासाठी राखून ठेवलेले असतात. म्हणजे रोगाचा उपाय दोन जोड मोजे आणि एक दिवस थांबण्याची तयारी, एवढ्यात होता. महागडे यातले काही नाही. पण थांबायला इतरांची संमती लागते.

येथे नीतीचा खरा प्रश्न उभा राहतो. पाय दुखतो एकाचा, आणि वेळ जातो चौघांचा. अन्न चौघांचे कमी होते. पहिल्या दिवशी सगळे सहानुभूती दाखवितात, दुसऱ्या दिवशी थट्टा होते, तिसऱ्या दिवशी त्याच्या पाठीमागे कुजबूज होते. आम्ही वॉर्डातही हे पाहिले आहे. ज्या रुग्णाची जखम लवकर भरत नाही त्याच्यावर घरची माणसे नकळत चिडू लागतात, जणू काही तो मुद्दामच बरा होत नाही. माणसे वाईट नसतात. थकलेली असतात, भ्यालेली असतात, आणि भ्यालेल्या माणसाला कोणीतरी दोषी लागतो. तुइचीवर नेमके कोण कोणाशी कसे वागले, त्याचा निवाडा इथे आरामखुर्चीत बसून आम्ही करणार नाही. मागे राहणारा साथीदार लवकरच ओझे वाटू लागतो, एवढे मात्र कोणत्याही टोळीविषयी खरे आहे.

तलमूदमध्ये, बाबा मेत्सिया या भागात, एक प्रसिद्ध कोडे आहे. दोघे जण निर्जन वाटेने चालले आहेत. एकाजवळ पाण्याचे भांडे आहे. दोघे प्याले तर दोघेही मरतील. एकच प्याला तर तो वस्तीला पोहोचेल. बेन पेतुरा म्हणे की दोघांनी प्यावे आणि दोघांनी मरावे, पण एकाने दुसऱ्याचे मरण पाहत बसू नये. रब्बी अकिवाने निराळे शिकविले: तुझा भाऊ तुझ्याबरोबर जगावा असे वायिक्रात म्हटले आहे, तेव्हा आधी तू जगला पाहिजेस, तुझा जीव पहिला. परंपरेने अकिवाचे म्हणणे उचलून धरले.

हे कोडे वाचून लोक दोन्ही बाजूंनी तावातावाने भांडतात. आम्ही मात्र दर वेळी एका साध्या गोष्टीपाशी अडतो. निर्जन वाटेने दोघे निघाले आणि पाण्याचे भांडे एकच कसे? आपल्या आया मुंबईहून अलिबागला जायच्या तरी फिरकीचा तांब्या भरून घेत, आणि बरोबर शेजारचे पोर असेल तर दुसरा तांब्या. कोड्यातल्या त्या दुसऱ्या माणसाने तांब्या का आणला नाही? गरीब होता? विसरला? त्याचा वाटेत सांडला? की पहिल्याने त्याला सांगितले की चल रे, माझ्याजवळ आहे, पुरेल? तलमूदला हे विचारायचे कारण नव्हते, कारण त्याला शेवटच्या क्षणाचा न्याय हवा होता. आम्हांला वाटते की माणसाच्या हातून जे बरेवाईट होते ते बहुधा त्या शेवटच्या क्षणाच्या पुष्कळ आधी होऊन गेलेले असते. पाणी संपल्यावर अकिवा बरोबर आहे. पण तांब्या भरताना अकिवाच्या मागे लपता येत नाही. तिथे कोणाचाही जीव पहिला-दुसरा नसतो. सगळ्यांचे पाणी मोजायला वेळ असतो.

कार्लला पोहता येत नाही हे नदीत कळले. ते ला पाझच्या खाणावळीत कळू शकले असते, चार जणांपैकी कोणीही एकदा विचारले असते तर. किद्दुशीनमध्ये बापाची कर्तव्ये सांगितली आहेत: मुलाची मिला करावी, त्याला तोरा शिकवावी, धंदा शिकवावा, लग्न करून द्यावे, आणि काहींच्या मते त्याला पाण्यात पोहायलाही शिकवावे. या शेवटच्या कलमाचे लहानपणी आम्हांला हसू येई. आता येत नाही. मुलाला नदीवर जाऊच देऊ नये असे रब्बी म्हणाले नाहीत, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. नदी मुलाच्या वाटेत येणार हे त्यांनी गृहीत धरले.

याच्या उलट एक हकिकत २०२३ सालची. ती कोलंबियातली आहे आणि तीत हौसेचा भाग नाही. १ मे रोजी एक लहान विमान अ‍ॅमेझॉनच्या अरण्यात कोसळले. तिन्ही मोठी माणसे गेली, त्यांत मुलांची आईही. चार भावंडे राहिली. थोरली मुलगी तेरा वर्षांची, दुसरे मूल नऊ वर्षांचे, तिसरे चार-पाच वर्षांचे आणि एक तान्हे बाळ, ज्याचा पहिला वाढदिवस त्या जंगलातच झाला. ही मुले हुइतोतो या आदिवासी जमातीची. चाळीस दिवसांनी, ९ जूनला, चौघेही जिवंत सापडली. विमानातून घेतलेले कसाव्याचे पीठ त्यांनी पुरवून खाल्ले, मग फळे आणि बिया. कोणते फळ खावे आणि कोणते नाही हे घरच्यांनी त्यांना शिकविले होते. शोधणारे सैनिक आणि आदिवासी स्वयंसेवक मिळून रान धुंडाळत होते; हेलिकॉप्टरमधून कर्ण्यावर त्यांच्या आजीचा आवाज त्यांच्याच भाषेत ऐकवीत होते की बाळांनो, एका जागी थांबा, माणसे तुम्हांला शोधत आहेत. (सैन्याचा विल्सन नावाचा एक शोधकुत्रा मात्र त्या रानात हरवला तो हरवलाच.)

त्या थोरल्या मुलीपुढे अकिवाचे कोडे प्रत्यक्ष उभे होते. तेरा वर्षांची धडधाकट पोर एकटी असती तर कदाचित लवकर कुठे पोहोचली असती. ती बाळाच्या वेगाने चालली. अरण्यात टोळीचा वेग कोणाचा असावा, या प्रश्नाचे तिने जे उत्तर दिले त्याहून चांगले उत्तर आम्हांला ठाऊक नाही. आणि ते ती देऊ शकली याचे एक कारण असे की तिचा तांब्या आधीच भरलेला होता. ज्ञान हेही पाणीच आहे. १९७१ सालच्या डिसेंबरात पेरूच्या अरण्यावर विजेच्या वादळात विमान तुटले आणि सतरा वर्षांची युलियाने कोप्के तेवढी वाचली, तेव्हाही असेच. तिचे आईबाप प्राणिशास्त्रज्ञ, ती जंगलात राहिलेली. पाण्याचा झरा धरून खाली चालले की माणसे भेटतात एवढे तिला माहीत होते. अकराव्या दिवशी ती माणसांत आली. जखमेत किडे पडले होते, तेव्हा तिने झोपडीत सापडलेले इंधन त्यावर ओतले, कारण वडिलांनी कुत्र्याच्या जखमेवर तसे केलेले तिने पाहिले होते. कोणत्याही परिचारिकेच्या अंगावर काटा येईल. पण तिथे आम्ही असतो तर बहुधा तेच केले असते.

यावरून कोणी म्हणेल की मग आमच्या मुलांनी सगळे शिकून, विमा काढून जावे म्हणजे झाले. विमा जरूर काढावा. येथे विम्यात 'इतुर वे-हिलुत्स', म्हणजे शोध आणि सुटका, हे कलम वेगळे मागून घेता येते, आणि जंगलात जाणाऱ्याने ते घ्यावेच. पण पैसे भरले की जबाबदारी संपली ही समजूत चुकीची आहे. हेलिकॉप्टरचे भाडे विमा कंपनी देते. हेलिकॉप्टरमधून दोरीने खाली उतरणाराही कोणाचा तरी मुलगाच असतो.

तीच गोष्ट आजारांची. २००० साली बोर्निओत, साबाह प्रांतात, एक मोठी साहस-शर्यत झाली. रान, गुहा आणि सेगामा नदी पार करून ती धावायची होती. घरी परतल्यावर खेळाडू तापाने फणफणून आजारी पडू लागले. तो लेप्टोस्पायरोसिस निघाला, उंदरांच्या व इतर जनावरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून कातडीच्या चिरांवाटे शिरणारा. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईकरांना त्या 'लेप्टो'ची ओळख नीटच झाली आहे. बोलिव्हियाच्या रानातून आणखी एक पाहुणा येतो. येथे आपण ज्याला 'शोशनत येरिहो' म्हणतो त्याच जातीचा, वाळूमाशीच्या चाव्याने होणारा चट्टा. पण तिकडचा प्रकार हट्टी असतो, आणि काही जणांत चट्टा सुकल्यावर कित्येक वर्षांनी नाकातोंडाच्या आतल्या अस्तरावर उलटतो. ही माशी इतकी बारीक की साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून आत येते. तेव्हा आल्यावर महिनाभर न भरणारी पुळी दिसली तर कुपत होलीममध्ये डॉक्टरांना 'मी अमुक जंगलात होतो' हे आपण होऊन सांगावे. आणि जाण्यापूर्वी प्रवाशांच्या दवाखान्यात चार-सहा आठवडे आधी जावे, आदल्या दिवशी नव्हे. आयांनो, हे तुम्हीच लक्षात ठेवा, मुले ठेवणार नाहीत.

प्रवासाला निघताना आपण जी तेफिलत हादेरेख म्हणतो तिच्याबद्दल तलमूदमध्ये अब्बायेचे एक मत आहे. प्रवाशाने ती एकवचनात म्हणू नये, अनेकवचनात म्हणावी. स्वतःला समुदायात सामील करून घ्यावे. एकटा निघालेला माणूसही मग 'मला सुखरूप ने' असे न म्हणता 'आम्हांला ने' असे म्हणतो. मुलगा विमानतळावर जायला निघतो, आजी मेझुझाला हात लावते, कोणी एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलीदा बोलते, आणि मुलगा तो कागद खिशात कोंबतो. कागदावरचे 'आम्ही' म्हणजे कोण, हे त्याने विमानात बसून जरा मोजावे. आईबाप त्यात आहेत हे त्याला पटकन सुचेल. वाटेत भेटलेला, ज्याचे आडनावही धड ठाऊक नाही असा मार्कसही त्यात आहे. नवगावला आपले पूर्वज गलबत फुटून किनाऱ्याला लागले, सात जोडपी वाचली, अशी आपली परंपरा सांगते. आणि त्यांनी पहिले काम केले ते समुद्राने बाहेर टाकलेल्या सोबत्यांना माती देण्याचे. ते सोबती एकमेकांचे कोण होते, हे परंपरेने नोंदविलेले नाही.

आणि त्या 'आम्ही'त आणखी एक जण असतो, ज्याचा आपल्याला विसर पडतो. 'निर्मनुष्य अरण्य' हा बाहेरून येणाऱ्याचा शब्द आहे. कुलाबा जिल्ह्यात आपल्याला जे रान वाटे ते कातकऱ्यांचे आणि ठाकरांचे घर होते. मध, कंद, खेकडे त्यांना कुठे मिळतात हे आपल्याला कधी कळले नाही. तुइचीच्या काठीही सान होसे दे उचुपियामोनास नावाचे गाव पूर्वीपासून आहे. घिन्सबर्ग १९९० नंतरच्या दशकात तिथे परत गेला, आणि त्या गावकऱ्यांना चलालान सरोवराकाठी पाहुण्यांसाठी वसतिगृह उभारायला त्याने मदत केली. १९९५ साली तो सारा मुलूख मादिदी राष्ट्रीय उद्यान म्हणून राखीव झाला. ऋण फेडण्याची ही रीत आम्हांला आवडली. आज मुले तिकडे जातात ती वाटाड्या आणि नावाडी पैसे देऊन घेतात, आणि पैसे दिल्यामुळे तो सोबती न राहता सामानापैकी एक होतो. नदीत उतरण्याआधी मुलांना तरंगण्याची जाकिटे मिळतात, हे त्यांच्या फोटोंत दिसते. नावाड्याच्या अंगात ते असते काय, असे गेल्या वर्षी परतलेल्या एका मुलीला आम्ही विचारले. तिने फोन काढला, फोटो एकेक करून मागे नेले, आणि म्हणाली, "नव्हते हो मावशी. आत्ता पाहते आहे."